सगळी गेली, असं तू म्हणाली होतीस

नलू,

तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. पहिले आठ-दहा दिवस रडून झालं, नोकरीवर, टेलिफोन एक्सचेंजमध्ये तक्रारींच्या रजिस्टरवर डोकं ठेवूनसुद्धा रडून झालं. मग मी पुण्याला तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन आले आणि रडणं बंद झालं. आता नुसता राग उरलाय, आणि तो ऐकून घ्यायला तू नाहीस. तुझ्या साहेबांनी मला तुमच्या संस्थेच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहायला सांगितली आहेत. 'बालपणीची मैत्रीण म्हणून काही हृद्य आठवणी द्या,' म्हणाले. घे हृद्य आठवणी. त्यांनी छापल्या तर छापल्या.

तू आमच्या घरी आलीस तेव्हा सहावीत होतीस. तुझे बाबा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत हजेरी घ्यायचे, तुझी आई तुझ्या लहानपणीच गेली होती, आणि मुलीला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून ते तुला बालाघाटला आमच्याकडे सोडून गेले. एक ट्रंक, एक गादीची वळकटी आणि तू. आईनं तुला पहिल्याच दिवशी विचारलं, "भाजी कोनती आवडत नाई ते सांगून दे, तेच करतो रोज." तू घाबरून रडायला लागलीस आणि आईनं तुला मांडीवर ओढलं. त्यानंतर पाच-सहा वर्षं आपण एका अंथरुणावर झोपलो. तू तिला काकू म्हणायचीस, पण ताप आला की तुझ्या तोंडून आईच निघायचं. मी कधी तुझा हेवा केला नाही. तुझा तिच्यावर माझ्याएवढाच हक्क आहे, हे मी लहानपणीच मान्य करून टाकलं होतं. म्हणूनच तुझ्यावर एवढं चिडता येतंय. परक्या कोणी हे केलं असतं तर मी वकील गाठला असता आणि मोकळी झाले असते.

बिब्ब्यापासून सुरू करते, कारण चूक तिथूनच झाली आणि ती तिघींची होती. आईच्या टाचांना भेगा पडायच्या. आपल्याकडे टाचेच्या भेगेवर बिब्बा लावणं म्हणजे काही औषध केलं असं कोणी मानतसुद्धा नाही. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि त्याचं तेल भेगेत सोडायचं. हे काम माझं. त्या वर्षी तिच्या डाव्या टाचेवर काळा डाग उमटला, आणि आम्ही म्हटलं, बिब्बा उतला. महिना गेला, दोन महिने गेले, डाग तिथंच. मी म्हटलं, पुन्हा लावला म्हणून पुन्हा काळं झालं. दिवाळीला तू आलीस. तेव्हा तुला पुण्याच्या प्रयोगशाळेत लागून तीन वर्षं झाली होती, आणि काम कशावर, तर त्वचेच्या कॅन्सरवर. तू आईची टाच मांडीवर घेतलीस, अंगठ्यानं चोळून पाहिलीस आणि म्हणालीस, "काय वं कुंदा, किती बिब्बा ओतला! काकूची टाच नाई, तवा झाला हा."

आपण तिघी हसलो. रोज सूक्ष्मदर्शकाखाली तसला काळा रंग पाहणारी तू बालाघाटला आलीस की बिब्बाच पाहत होतीस. मी तुला त्यासाठी कधीच बोल लावला नाही. बिब्बा माझ्या हातचा होता, तर तुला कुठल्या तोंडानं बोलणार होते! होळीपर्यंत डागाच्या कडा पसरल्या आणि त्यातून पाणी सुटायला लागलं, तेव्हा तुला ट्रंक कॉल लावून मी म्हटलं, "नलू, हे बिब्ब्याचं नाई वाटत." लाइन तुटली असं वाटून मी तीनदा हॅलो म्हटलं. मग तू म्हणालीस, "नागपूरले घेऊन ये. उद्याच."

नागपूरच्या डॉक्टरांनी घोट्याच्या वरून पाय काढायचा ठरवला, आणि जांघेत एक गाठ लागत होती तीसुद्धा. आई सगळ्याला हौ म्हणाली. तिची अट एकच होती, आणि ती तिनं ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी तुझा हात धरून तुला सांगितली, मला नाही. "नले, माहा पाय मले वापस पायजे. वैनगंगेवर नेऊन जाळा. अर्धी इथं अन् अर्धी तिथं असं मले चालत नाई. मानूस आला तसा पुरा गेला पायजे." तू म्हणालीस, "हौ काकू." डॉक्टर हसले, पण तू त्यांच्याशी हिंदीत भांडलीस, अर्ज लिहिलास, सही-शिक्का घेतलास आणि पाय मिळवलास.

त्या दुपारी दवाखान्याच्या फाटकाशी एक बाई पांढरा थर्मास घेऊन उभी होती. तू आतून एक छोटी बाटली आणून त्या थर्मासातल्या बर्फात ठेवलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "गाठ तपासाले पाठवून राह्यली पुन्याले. आमच्याकडं लवकर होते." मी त्या बाईला चहा पाजला. तिला गाडी गाठायची होती म्हणून तिनं तो बशीत ओतून दोन घोटात संपवला. चार दिवसांनी तुझ्या प्रयोगशाळेतून कळलं की गाठीतही मेलॅनोमाच आहे, त्वचेच्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर. तपासणी झाली, गाठ संपली, असं मी समजले. तपासणीनंतर गाठ टाकून देतात ना? मी तरी असंच धरून चालले.

ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी आईजवळ मावशीला बसवून आपण दोघी पाय घेऊन निघालो. नवा पत्र्याचा डबा, आत मीठ, मिठात आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाय. गोंदियाला बस बदलली. डबा तुझ्या मांडीवर होता, मला तू हातसुद्धा लावू दिला नाहीस. राजेगावच्या नाक्यावर शिपाई चढला, त्यानं काठीनं डबा वाजवला.

"इसमें क्या है?"

"अम्मा का पाँव है," तू म्हणालीस. "खोलूँ क्या?"

तो जो मागे सरला तो थेट खाली उतरला. शेजारची बाई पोराला घेऊन मागच्या सीटवर गेली. बसभर चिडीचूप. आणि आपल्याला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून आपण हसत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कसलं पाणी आहे हे दोघींनाही सांगता आलं नसतं. नऊ वर्षं मी ही आठवण जपून ठेवली होती. कोणी विचारलं, तुमची मैत्री कशी, तर मी हीच गोष्ट सांगायचे. आता सांगता येत नाही. आईनं पुरं जायचं म्हटलं होतं म्हणून तू डबा मांडीवर घेऊन बसली होतीस, आणि त्याच वेळी तिची गाठ पुण्याच्या गाडीत होती. तुला ते माहीत होतं आणि तू माझ्याबरोबर हसत होतीस.

त्यानंतर आई अकरा महिने जगली. शुद्धीवर होती, बोलत होती, कुबडीवर स्वयंपाकघरात येऊन माझ्या वरणात मीठ कमी आहे हे सांगत होती. त्या अकरा महिन्यांत तू चार वेळा आलीस. ते चार वेळा मी आता पुन्हा पुन्हा मोजते. प्रत्येक वेळी तू तिच्या पलंगावर बसून तिच्या केसांना तेल लावलंस. एकदा तरी विचारायचं होतंस, काकू, तुमच्या गाठीतल्या पेशी माझ्याकडं जिवंत आहेत, ठेवू का? तिनं कदाचित शिव्या घातल्या असत्या. कदाचित म्हणाली असती, मेले, मले बाटलीत भरून ठेवलं काय! कदाचित हौ म्हणाली असती, तिचं काही सांगता यायचं नाही. पण विचारता येत होतं. आता कोणालाच येत नाही.

अस्थी सोडायला वैनगंगेवर तू आणि मीच होतो. मी एकुलती एक, म्हणून मीच सगळं केलं. मडकं रिकामं झाल्यावर मी तुला विचारलं होतं, तुला आठवतं का? घाटाच्या शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात. मी म्हटलं, "पाय बी इथंच गेला ना वं, नलू? सगळी गेली ना आई?" तू म्हणालीस, "हौ. सगळी गेली." एवढं सोपं तुला कसं बोलता आलं, हे मी पुण्याहून आल्यापासून समजून घ्यायचा प्रयत्न करतेय. जमत नाही.

पुढे दरवर्षी तू दिवाळीला यायचीस. धनत्रयोदशीला यायचीस आणि एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी निघायचीस. भाऊबीजेला तू कधी थांबली नाहीस. आपल्याला भाऊ नाही म्हणून आई असताना आपणच एकमेकींना ओवाळायचो, ते बंद पडलं. मी दरवर्षी भांडायचे. "दोन दिवसांची पावनी आहेस तू. घर झालं नाई आता हे तुहं." तू बॅग भरायला घ्यायचीस. मला वाटायचं, पुण्याची झाली, आता इथं हिचं मन लागत नाही.

पण ते दोन दिवस तू माझं डोकं खायचीस. ओसरीवर करंज्या तळताना तू मला तुझ्या पेशी समजावायचीस, आणि मला ते आवडायचं हे कबूल करते. मी मॅट्रिक झालेली, ट्रंक बोर्डावर दिवसभर दोऱ्या खुपसणारी बाई, आणि पुण्याची डॉक्टरीण मला विचारतेय, सांग, इथं काय बिघडलं असेल?

"पाहारा देनारी पेशी निरोप सोडते," तू म्हणायचीस. "इंटरफेरॉन म्हनतात त्या प्रथिनाले. तो निरोप कॅन्सरच्या पेशीच्या दारापर्यंत जाते. निरोप भेटला का त्या पेशीनं अंगावर झेंडे लावले पायजे. झेंडा दिसला का मारेकरी पेशी येते अन् तिले मारून टाकते. पन माह्या ह्या पेशी झेंडेच लावत नाई."

"निरोप पोचत नसन."

"पोचते ना. दारावरची घंटी तपासली मी, शाबूत आहे. आतमधी निरोप नेनारं प्रथिन बी आहे. तरी झेंडा नाई. बहिऱ्या आहेत जशा काई."

मी झाऱ्यानं करंजी उलटली आणि म्हटलं, "बहिऱ्या काहून असतीन? रिसीव्हर काढून ठेवला असन कोनी." आमच्याकडे रोजचीच तक्रार आहे ती. लोक सांगतात फोन मेलाय, लाइनमन खांबापासून तपासत जातो, सगळं ठीक, आणि घरात जाऊन पाहतो तर रिसीव्हर बाजूला पडलेला. तार तुटलेली नसते, घंटी बिघडलेली नसते. नुसतं आतून कोणीतरी अडवलेलं असतं.

तू हसलीस, मग पिठाचे हात तसेच ठेवून वहीत काहीतरी लिहिलंस. पुढच्या दिवाळीला दारातूनच ओरडलीस, "कुंदे, तुह्या रिसीव्हरचं नाव सापडलं!" निरोप मिळाला की निरोगी पेशी स्वतःच एक ब्रेक लावणारं प्रथिन बनवते, घंटी कायम वाजत राहू नये म्हणून. काम झालं की ते काढूनही टाकते. तुझ्या पेशींमध्ये मात्र तो ब्रेक कायमचा लागलेला होता, आणि निरोप दाराच्या आत येऊन तिथंच विझत होता. मी त्या दिवशी एक्सचेंजमध्ये सगळ्यांना करंज्या वाटल्या आणि सांगितलं, पुण्याच्या प्रयोगशाळेत आपल्या बालाघाटचं डोकं चाललं.

एकदा मी विचारलं होतं, ह्या पेशी कोणाच्या. बाई होती का माणूस? तू सँडलचा पट्टा लावायला खाली वाकलीस. "बाई," म्हणालीस. मी म्हटलं, जगली का ती? तू वाकलेलीच म्हणालीस, "नाई." मला वाटलं, तुला वाईट वाटतंय, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

आणि रक्त! निघायच्या दिवशी सकाळी तू मला गल्लीतल्या पॅथॉलॉजीवाल्याकडे नेऊन माझ्या हातातून दोन-तीन नळ्या रक्त काढून घ्यायचीस. "निरोगी मानसाचं लागते. अन् तुह्या पांढऱ्या पेशी मस्त आहेत." मी हात पुढे करायचे. मोठ्या कामाला आपलं रक्त लागतंय म्हणून मला अभिमान वाटायचा, कापूस दाबून बस स्टँडपर्यंत तुझी बॅग उचलायचे.

मग तू गेलीस. मेंदूत रक्तस्राव, म्हणे, प्रयोगशाळेतल्या खुर्चीवरच. फोन मीच उचलला, तक्रारीचा समजून.

पुण्याला मी तुझं सामान आणायला गेले होते. प्रयोगशाळेच्या दारात एक पिकल्या केसांची बाई आली, शैलाबाई, तुझी टेक्निशियन. मी चेहरा ओळखला नाही, पण तिनं मला ओळखलं. नागपूरला माझ्याकडून बशीत चहा प्यायली होती ती. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "या कुंदाताई. आधी आईंना भेटणार ना?"

मला वाटलं, दुःखानं बाई भ्रमिष्ट झाली. पण तिनं मला आत नेलं, कपाटासारख्या एका उबदार पेटीचं दार उघडलं आणि एक चपटी बाटली काढली. आत तळाला गुलाबी पाणी. बाटलीवर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'काकू', आणि खाली आकडा. शैलाबाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला खुर्ची ओढून दिली. तिला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे. नऊ वर्षं तू तिला तेच सांगितलं होतंस, घरच्यांना माहीत आहे म्हणून.

मी पाहिलं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना चिकटून पडलेल्या. काहींच्या पोटात काळे ठिपके. शैलाबाई म्हणाल्या, "ती गोल झालेली दिसतेय ना, ती आता दोन होईल." नलू, मी स्वतःच्या हातानं जिला अग्नी दिला, जिची राख हातानं नदीत सोडली, ती तिथं गुलाबी पाण्यात एकाची दोन होत होती. मला आनंद झाला, हेही तुला सांगते. क्षणभर खूप आनंद झाला. मग मी विचारलं, "मोरी कुठं आहे?"

तोंड धुऊन आल्यावर शैलाबाईंनी पाणी दिलं आणि आपल्याच नादात बोलत राहिल्या. "दर तिसऱ्या दिवशी यांचं पाणी बदलावं लागतं, तेच यांचं जेवण. मॅडम आमच्यावर कधी सोडायच्या नाहीत. दिवाळीला गावी जायच्या तरी तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवरून थेट इथं. मी म्हणायचे, मी करते ना, राहा चार दिवस. म्हणायच्या, नाही, त्यांना माझ्या हातचं लागतं."

म्हणजे तू भाऊबीजेला थांबत नव्हतीस ती आईला जेवू घालायला. मी तुला पाहुणी म्हणायचे आणि तू बॅग भरायचीस. एक वाक्य बोलली असतीस तर मी तुला स्टेशनवर सोडायला धावत आले असते. नाही, खोटं बोलतेय. आधी तुझ्या कानाखाली वाजवली असती.

तुझी वही मी वाचली. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण माझं नाव वाचता येतं. दरवर्षी दिवाळीनंतरच्या पानावर, 'कुंदा, मुलगी'. शैलाबाईंनी अर्थ सांगितला. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तू आईच्या पेशींवर सोडायचीस. पहिली काही वर्षं काही घडलं नाही. झेंडेच नव्हते, माझ्या पेशी आईच्या अंगावरून नुसत्या फिरून यायच्या. मागच्या दिवाळीला तू तो ब्रेक निकामी केलास, वरून इंटरफेरॉन दिलंस, झेंडे वर आले, आणि मग माझं रक्त सोडलंस. बाटलीतल्या बऱ्याचशा पेशी मेल्या. तू त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या आहेस, एवढ्या दाबून की कागद फाटलाय.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या हातून आईला मारवलं." शैलाबाई घाईनं म्हणाल्या, "अहो नाही हो, तुमच्या रक्तानं त्यांचा कॅन्सर मारला." बरोबर आहे त्यांचं. परतीच्या गाडीत मी ते स्वतःला शंभरदा सांगितलं. बिब्बा लावून मी जो डाग महिनोनमहिने झाकला, त्याच्याशी तू मला एकदा तरी लढू दिलंस. हे देणं साधं नव्हतं, ते मला कळतं, आणि त्यासाठी तुझ्या पाया पडावंसं वाटतं. पण लढतेय हे मला सांगायला नको होतं का? मी तिथं उभी नको होते का? माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यामागे घडली आणि मी त्या दिवशी इथं बसून कोणाचा तरी फोन का लागत नाही ते पाहत होते.

निघताना तुझ्या साहेबांनी मला बसवून घेतलं. सज्जन माणूस आहे. म्हणाले, आता नियम कडक झालेत, रुग्णाची किंवा जवळच्या नातेवाइकाची लेखी परवानगी नसेल तर अशा पेशी ठेवता येत नाहीत. काकूंचा कागद तुझ्या फायलीत नाही. मी सही दिली नाही तर सगळ्या बाटल्या नष्ट कराव्या लागतील, गोठवून ठेवलेल्यासुद्धा. मी कागद पाहिला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तारीख मात्र ऑपरेशनच्या दिवसाची टाका. म्हणजे नलिनीताईंच्या आधीच्या शोधलेखांना कुठे बाधा येणार नाही."

"आजची टाकली तर?"

"तर पेशी राहतील. पण नऊ वर्षं परवानगीशिवाय काम झालं, हे मला वर कळवावं लागेल. लेख कदाचित मागे घ्यावे लागतील." मग हळू आवाजात म्हणाले, "त्यांचं नाव आहे हो त्यावर. आता त्यांना उत्तरही देता यायचं नाही."

कागद घेऊन मी घरी आले. बारा दिवस तो पोळपाटाखाली दाबून ठेवलाय. एक दिवस ठरवायचे, सहीच करत नाही, आईची इच्छा पुरी होऊ दे. दुसऱ्या दिवशी वाटायचं, साहेब सांगतात तशी तारीख टाकून द्यावी, गेलेल्या पोरीचं नाव कशाला खराब करा. तुझं तेलकट वेण्यांचं डोकं माझ्या उशीवर असायचं ते आठवायचं. तू विचारलं असतंस तर मी काय केलं असतं, हेही मला आता माहीत झालंय. दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते, तिसऱ्या दिवशी हौ म्हटलं असतं. तू मला आईइतकीच ओळखत होतीस, तुलाही ते माहीत असणार. तरी तू विचारलं नाहीस. का, याचं उत्तर तुझ्या वहीत मी पानोपान शोधलं.

आज ऑफिसात बसल्या बसल्या लक्षात आलं की आज तिसरा दिवस, आईचं पाणी बदलायचा. मी पुण्याला फोन लावला. शैलाबाईंनी उचलला. मी विचारलं, "आई जेवली का?"

"हो ताई, आत्ताच," त्या म्हणाल्या. "छान आहेत."

घरी येऊन मी कागद काढला आणि सही केली. पूर्ण नाव लिहिलं, खाली आईचं पूर्ण नाव लिहिलं, आणि तारखेच्या जागी आजची तारीख टाकली. उद्या रजिस्टर पोस्टानं जाईल. पेशी राहतील, नलू, शैलाबाई त्यांना जेवू घालतील, आणि रक्त लागलं तर मी स्वतः पुण्याला जाऊन देईन, बाटलीजवळ उभी राहीन. आजपासून पुढची परवानगी माझी आहे. मागच्या नऊ वर्षांची मी देत नाही. तुझे लेख मागे घेतले, कोणी तुझं नाव घेऊन बोट दाखवलं, तर मी इथं बसून रडेन, पण ती तारीख बदलणार नाही.